साक्षीदार बाटली

आमच्या घरमालकीण बाईंकडून लोणचं विकत घ्यायचं असेल तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागायची.

ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीत गिऱ्हाइकाला बसवून बाई विचारायच्या, "घरी लोणचं कोण वाढते?"

"बायको वाढते."

"चमचा कुठून घेते? ड्रॉवरमधून, का धुतलेल्या भांड्यांच्या टोपल्यातून?"

लोणचं घ्यायला निघालेल्या माणसानं एवढा गृहपाठ केलेला नसतो. तो आपला सहज म्हणायचा, "टोपल्यातून घेत असेल." झालं. बाई वही मिटायच्या.

"मंग नाही भेटत. टोपल्यातला चमचा ओला राहते. बुरशी येईल तुमच्या चमच्यानं आन् नाव होईल माझ्या बाटलीचं. वहिनींले पाठवा, त्यांच्याशीच बोलीन."

मी वरच्या गॅलरीत दाढी करता करता हा तमाशा फुकटात पाहायचो. एकदा एक साहेब ड्रायव्हर घेऊन आले होते. नापास झाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस स्वतः आल्या, घरचा चमचा पर्समध्ये घेऊन. बाईंसमोर त्यांनी तो पदराला खसाखसा पुसून दाखवला. पदराला पुसला म्हणून त्याही नापास. शेवटी बाईंनी तोडगा काढला. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पांढऱ्या दोऱ्यानं एक कोरडा लाकडी चमचा बांधून द्यायला लागल्या. बाटली संपली की चमचाही टाकायचा, असा हुकूम.

"बाई, असं केलं तर गिऱ्हाईक राहणार नाही," मी वरून म्हणायचो.

"गिऱ्हाईक नाही राहिलं तर चालते गा. जितं राहिलं पाहिजे."

नागपूरच्या मानेवाड्यातली आमची सगळी गल्ली त्यांना लॅबवाल्या बाई म्हणायची. एका मुलींच्या शाळेत, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, त्यांनी सगळी नोकरी काढली. पोरींच्या हाती परीक्षानळ्या द्यायच्या, फुटल्या तर वहीत लिहायच्या, ॲसिडच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या. निवृत्त होताना शाळेनं त्यांना शाल दिली आणि त्यांनी स्वतःहून मागून घेतलेलं एक भंगारातलं काचेचं कपाट. आधी केमिकल ठेवायचं ते. लिटमसच्या कागदाचे दोन पुडेही त्यांच्यासोबत आले होते. ते मागून आले की न मागता, हे मी कधी विचारलं नाही.

त्या कपाटाबद्दल सांगायचंच आहे. किंबहुना त्याच्यापासून पळता पळताच मी चमच्यापर्यंत आलो.

स्वयंपाकघरात बाई तोच जुना पांढरा ॲप्रन घालायच्या. पोटाजवळ ॲसिडनं पडलेलं भोक, त्याला आतून ठिगळ. डोक्याला प्लास्टिकची टोपी, बांगड्या काढून खुंटीवर. अन्नाच्या परवान्याचा कागद फ्रेम करून देवघरात, गणपतीच्या शेजारी. उदबत्ती दोघांना. लिंबाचं गुळातलं लोणचं, कैरीचं लोणचं, मुंगवड्या, शेवयांसारखे सरगुंडे आणि उन्हाळ्यात कुरड्या, एवढाच त्यांचा माल. लोणच्याच्या प्रत्येक घाण्यात लिटमसचा निळा कागद बुडायचा. तो लालभडक झाला की बाईंचा चेहरा पोरगी पास झाल्यासारखा व्हायचा.

शिंक आली की धंदा बंद. फाटकावर पाटी लागायची: "आज स्वयंपाकघर बंद. कारण: शिंका." एकदा पेपरच्या कडेनं बोट कापलं तर पाच दिवस बंद. "कारण: बोट." गल्लीत कोणाचं काही वाजलं-बिनसलं की लोक एकमेकांना म्हणायचे, "काय झालं? बोट का?" आणि एकदा कैरीच्या घाण्यात माशी पडली. एक माशी. बाईंनी पातेलंभर लोणचं मागच्या अंगणात खड्डा करून पुरलं. मी गल्लीभर सांगत सुटलो की मी स्वतः माशीला खांदा दिला, तेराव्याला जेवणही आहे. दोघीजणी खरंच विचारायला आल्या.

पुडाची वडी मात्र त्या विकायच्या नाहीत. नागपुरात राहून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार सारणाची वडी करणारा हात आणि विकणार नाही, हे लोकांना पटायचं नाही. "ओला जिन्नस हाय तो. पिशवीत घालून नेसाल, गाडीच्या डिक्कीत ठेवसाल, मंग शेजारणीशी गप्पा मारसाल, मंग खासाल. नाही." फार गळ घातली तर म्हणायच्या, "इथं बसून खा, माझ्यासमोर. पार्सल नाही." मी कितीतरी प्रतिष्ठित माणसांना त्या लोखंडी खुर्चीवर, गुडघे जुळवून, शाळेतल्या पोरांसारखं वडी खाताना पाहिलंय. आणि बाई समोर उभ्या, घास गिळला की नाही ते पाहत.

आता माझ्याबद्दल. मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअरला आहे. येणाऱ्या मालातून नमुना काढायचा, बाटलीत भरायचा, झाकणावर लाख ओतून सील ठोकायचं, हे माझं काम. देवानं मला दुसरी कुठलीच कला दिली नाही, पण लाखेचं सील मी असं लावतो की साहेब लोक बोट फिरवून पाहतात. संसार नाही. जेवण मेसचं. आणि एक खोड. कुठं काही मोडलं, सांडलं, जळलं की मी हात वर करतो, "मीच केलं." मग ते कसं केलं याची गोष्ट रचून सांगतो. लोक हसतात, मला बरं वाटतं. गल्लीतल्या बोअरची मोटर जळाली तेव्हा मी सगळ्यांसमोर कबुली दिली की रात्रभर नळ सुरू ठेवून मी बादलीत पाय बुडवून झोपलो होतो. लोक पोट धरून हसले. बाईंनी तेवढ्यात हिशेब केला.

"मंगळवारी जळाली ना मोटर? मंगळवारी तर तू बहिणीकडे अमरावतीले होता."

मी कान पकडले.

"भैताड!" बाई म्हणाल्या. "लोक गलती लपवायले खोटं बोलतात. हा गलती करायले बोलते."

तर ते कपाट. प्रत्येक घाण्यातली एक बाटली बाई विकायच्या नाहीत. तिच्या झाकणावर कापड बांधायच्या, दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतायच्या आणि गरम लाखेवर कपाटाच्या किल्लीचं टोक दाबायच्या. तोच त्यांचा शिक्का. वर लेबल: काय, कधी केलं, कधीपर्यंत खायचं. मग ती बाटली कपाटात. त्यांना त्या साक्षीदार म्हणायच्या. "कैरीचा साक्षीदार", "लिंबाचा साक्षीदार". तारीख संपायच्या दिवशी साक्ष व्हायची. ओसरीवर चटई, दोन ताटल्या, ज्वारीची भाकरी. मी पंच. मी सील पाहायचं आणि म्हणायचं, "सील शाबूत." बाई उघडायच्या, वास घ्यायच्या, उजेडात धरायच्या आणि पहिला घास स्वतः खायच्या. मग वहीत लिहायच्या, "साक्ष झाली. निर्दोष." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठणठणीत उठल्या की मला उरलेली बाटली मिळायची. नऊ वर्षांत मी बहुधा तीस-चाळीस साक्षी खाल्ल्या असतील. एकही दोषी निघाली नाही.

एका संध्याकाळी असंच कैरीचं झालं, आणि मी म्हणालो, "बाई, कोर्टातही एवढे पुरावे नसतात. कायले हा खटाटोप?"

त्या भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाळेत गॅदरिंग होतं. वडाभात अन् मठ्ठा माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी पोरी पडल्या. उलट्या, जुलाब. एक आठवीतली होती, दोन येण्या घालायची, माझ्याकडून लिटमसचे कागद मागून न्यायची पुस्तकात ठेवायले. तिले दवाखान्यात लय दिवस ठेवली. मंग बापानं गावी नेली. बरी झाली म्हणतात. मी पाह्यली नाही."

"पण तुमच्या भातानंच झालं, हे कोण म्हणालं?"

"कोणीच नाही म्हणालं. गेटवर बर्फाचे गोळे होते, टाकीचं पाणी होतं. चौकशीले माणसं आले, म्हणाले, जेवणातलं काही उरलं आहे का? काहीच उरलं नव्हतं." भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवून म्हणाल्या, "भांडे मीच घासले होते. राख लावून. उपडे घालून ठेवले होते. एवढे चकचकीत, की त्यांनी बोट फिरवून पाह्यलं अन् परत ठेवलं."

कोणी त्यांना दोषी धरलं नाही आणि कोणी त्यांना सोडलंही नाही. ते कपाट त्यासाठी होतं. एवढं कळल्यावर तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

यंदा वैशाखात बाई आठ दिवस नरखेडकडे गेल्या, भाचीच्या लग्नाला. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "उघडायचं नाही. मुंग्यांवर ध्यान ठेवजो. आन् आग-बीग लागली तर आधी बाटल्या काढजो. दागिने मंग."

मी छातीवर हात ठेवला.

चौथ्या दिवशी मी रात्रपाळी करून सकाळी अकराला घरी आलो. नागपूरचा मे महिना. मेसवालाही कुठल्याशा लग्नाला गेलेला. मी भात लावला, तो खाली लागला. वरचा जळका नसलेला भाग काढून त्यात दही कालवलं आणि ताटली घेऊन खाली ओसरीत बसलो, कारण तिथं गारवा असतो. समोर कपाट. काचेआड लिंबाचा साक्षीदार. गुळातल्या फोडी, मधासारखा रस. माझी स्वतःची बाटली मी महिन्यात फस्त केली होती. आणि हातात जळका दहीभात.

माझ्याकडे कपाट उघडण्याची किल्ली होती, आणि तीच किल्ली म्हणजे शिक्का. घरात लाख होती. आणि सील लावण्यात या शहरात माझा हात धरणारा नाही, हा माझा गर्व होता. हे तिन्ही एका दुपारी एका उपाशी माणसाच्या बाजूनं उभे राहिले.

मी लाख फोडली. तीन फोडी घेतल्या. त्यातली तिसरी घेताना माझ्या ध्यानात आलं की चमचा तोच आहे, दहीभाताचा. त्याला दोन शितं चिकटलेली होती. मी चमच्याकडे पाहिलं, चमच्यानं माझ्याकडे. मी म्हटलं, असू दे, एवढ्यानं काय होतं.

मग मी असं सील लावलं, असं सील लावलं, की मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाई परत आल्या. कपाटावरून नजर फिरवली, म्हणाल्या, "मुंग्या नाही झाल्या ना?" मी म्हणालो, "एक आली होती. सील पाहून परत गेली."

हसल्या त्या.

ज्येष्ठात एका सकाळी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला. मागच्या गल्लीतले एक आजोबा उलट्यांनी दवाखान्यात होते. त्यांच्या मुलानं लिहिलं होतं: लॅबवाल्या बाईंचं लोणचं खाऊन हे झालं, सगळ्यांनी सांभाळा. अर्ध्या तासात फाटकाशी दहा-बारा माणसं.

मला वाटलं बाई कोसळतील. उलट त्या ताठ झाल्या. ॲप्रन घातला. डोळ्यांत असं काही होतं, की जणू इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होत्या तो पाहुणा आला.

"कोणत्या घाण्याचं लोणचं?"

मुलानं बाटली पुढं केली. लिंबू. फाल्गुनातलं.

"याचा साक्षीदार आहे माझ्याकडे. सीलबंद. सगळ्यांसमोर उघडीन. खराब निघाला तर तुमचा दवाखाना माझ्याकडे अन् हे दुकान आजपासून बंद. चांगला निघाला तर तुमच्याच ग्रुपवर तुम्हीच लिहायचं." मग माझ्याकडे वळून, "या गा पंच. सील पाहाय."

तो साक्षीदार माझ्या हातात दिला. मी सीलवरून बोट फिरवलं. माझंच काम. सुंदर.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. चार शब्द पुरे होते. मी काय म्हणालो? म्हणालो, "बाई, आता राहुकाळ आहे म्हणे. दुपारून उघडू." लोक हसले. बाईही हसल्या. "याचं हे असंच राहते," त्या लोकांना म्हणाल्या. "सांग, सील शाबूत?"

"शाबूत," मी म्हणालो.

झाकण निघालं. सगळ्यात आधी वास आला, आंबट, नासक्या दह्याचा. मग बाईंनी बाटली उजेडात तिरपी केली. वर सबंध थर होता. पांढरा, कापसासारखा, मध्ये हिरवा.

बाईंनी लिटमसचा कागद काढला, बाजूनं आत सारला. तो लाल झाला. बाईंनी त्या लाल कागदाकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "कागदाले काय कळते." आणि फाटकावर लावायची पाटी काढून तिच्यावर खडूनं लिहायला लागल्या. "स्वयंपाकघर बंद." यावेळी कारण लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी आजोबा घरी आले. डॉक्टरांना त्यांनी स्वतःच सांगितलं की त्या दिवशी बाजारात उसाचा रस प्यायले होते, दोन ग्लास, घरच्यांना चोरून. लोणच्याला तर पथ्यामुळे हातही लावला नव्हता. मुलगा खाली मान घालून आला, हात जोडले. "बाई, गलती झाली माझी. ग्रुपवर लिहितो."

"तुमची गलती नाही," बाई म्हणाल्या. "तुमचे बाबा कशानं पडले, ते तुमचं. माझ्या बाटलीत काय निघालं, ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

तो गेल्यावर मी पायरीवर बसलो होतो. बाई आतून, भिंतीशी बोलावं तसं म्हणाल्या, "म्हणजे मीच होती."

"काय बाई?"

"गॅदरिंगचा भात. इतके वर्ष म्हणत होती, पाणी असेल, बर्फ असेल. माझ्या हातातच आहे ते. एवढी काळजी घेतली तरी निघालं, तर तेव्हा काय घेतली होती मी काळजी?"

मी उठून आत गेलो, ॲप्रनच्या खुंटीजवळ उभा राहिलो, आणि सगळं सांगितलं. रात्रपाळी, जळका भात, दह्याचा चमचा, दोन शितं, लाख, किल्ली. आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द पदरचा न घालता.

बाईंनी सगळं ऐकलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"चांगला आहे गा तू. मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला."

"नाही बाई! मीच केलं!"

"मोटरही तूच जाळली होती. माशीले खांदाही तूच दिला होता."

"तेव्हा खोटं होतं, हे खरं आहे. आईशपथ."

"आईची शपथ मोटरच्या टायमालेही घेतली होती."

घेतली होती. गोष्ट रंगावी म्हणून.

मला एकच उपाय सुचला. म्हणालो, "सील माझ्याकडून कसं लागते ते पाहा. तुमच्या शिक्क्यासारखं हुबेहूब लावून दाखवतो, मंग तर मानाल?" बाईंनी रिकामी बाटली, लाख, किल्ली माझ्यापुढं ठेवली. मी मेणबत्ती पेटवली. लाख वितळवली. हजारो वेळा केलेलं काम. आणि माझा हात असा थरथरायला लागला की लाख दोऱ्यावर न पडता माझ्या अंगठ्यावर पडली. दुसऱ्यांदा ओघळ झाकणाखाली गेला. तिसऱ्यांदा किल्ली तिरपी दाबली गेली आणि शिक्क्याचा नुसता चिखल झाला.

बाईंनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली. माझा अंगठा नळाखाली धरला.

"पाह्यलं? नाही जमत तुले. जाय, जेवून घेय काही."

त्यानंतर बाईंनी वही काढली आणि फाल्गुनातलं लिंबू नेलेल्या एकेकाला फोन लावला. "लॅबवाली बोलून राहिली. उरलं असेल तर फेका. नाही, काहून म्हणून नका विचारू. फेका." ज्यांनी फेकायला कुरकुर केली त्यांच्या घरी मला मोटरसायकलवर पाठवलं. मी पिशवीभर बाटल्या आणल्या. सगळ्या स्वच्छ. "बाई, पाहा, एकीलेही बुरशी नाही!"

"उघडलेल्या आहेत त्या. कोणी कोणता चमचा घातला, काय ठाव. उघडलेली बाटली साक्ष देत नाही." मग वही मिटत, "सीलबंद राहिली असती एखादी, तर तारखेले उघडून पाह्यली असती."

दुसऱ्याच दिवशी, यादीतल्या शेवटच्या घरी, ती मिळाली. त्या घरच्या सूनबाई माहेरी होत्या. बाटली फडताळात तशीच, झाकणावरची पट्टी न फाटलेली, गळ्यात दोरा, दोऱ्याला चमचा. त्याच घाण्याची.

आता कोणीही डोकं ठिकाणावर असलेला माणूस ती बाटली घेऊन तडक बाईंकडे गेला असता. मी गाडी थांबवून चहा प्यायलो आणि माझ्या डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं. भाद्रपदातला तारखेचा दिवस. ओसरीवर चटई. भाकरी मी स्वतः आणलेली. बाईंना काही माहीत नाही. मी पाठीमागून बाटली काढतो. "सील शाबूत!" बाई उघडतात. स्वच्छ. वहीत लिहितात, "निर्दोष." त्या रडतात, मीही रडतो. काय शेवट होता! मला तो सोडवेना.

घरी आल्यावर बाईंनी लाल पेन्सिल उचलली. "शेवटची?"

"फेकली."

"खरं?"

"माझ्या हातानं फेकली, बाई."

त्यांनी नावावर रेघ मारली. त्या बाईंनी माझं खरं तीन वेळा ऐकून मानलं नव्हतं. हे लगेच मानलं.

बाटली वर माझ्या कपाटात, शर्टांच्या मागं. दोन दिवस दम धरला. मग वाटलं, आतून खराबच असली तर? बाईंसमोर दुसऱ्यांदा तेच निघालं तर? खात्री तर करायला हवी. काचेतून वरचा थर दिसत नव्हता, तिथं नेमकं लेबल. म्हणून पट्टी सोडवली, झाकण उघडलं. स्वच्छ! सोन्यासारखं! मी खोलीत एकटाच नाचलो. नाचून झाल्यावर कळलं की आता ही बाटली सीलबंद नाही.

तरी म्हटलं, बुरशी नसलेली तर आहे. तेवढं तरी. पण मग ती जपायची काळजी लागली. दर संध्याकाळी कामावरून आलो की उघडायचो, फक्त पाहायला. नाक आत घालून वास घ्यायचो. आषाढ गेला, श्रावणात भिंतींना ओल आली, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला पांढरं चढलं. मी उघडत राहिलो, पाहत राहिलो, झाकत राहिलो.

खाली बाई आता किराणा दुकानातल्या लोणच्याचं पाकीट आणतात. चष्मा लावून पाकिटामागचं सगळं वाचतात, तारीखसुद्धा. मग कुठल्याही चमच्यानं वाढतात. टोपल्यातल्या, ओल्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिन्यात बसून राहिलो. काचेचं कपाट रिकामं आहे. ॲप्रननं त्या फरशी पुसतात.

तारखेला बारा दिवस राहिले असताना रसावर एक पांढरा ठिपका दिसला. तिळाएवढा. दुसऱ्या दिवशी नाण्याएवढा.

काल रविवारी सकाळी मी बाटलीतलं सगळं कागदात बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मग मोरीत बसून बाटली घासली. आधी साबणानं. लेबल नखानं खरवडून काढलं. तरी मला तिच्यात काहीतरी दिसत होतं, म्हणून मेसवाल्याकडून राख आणली आणि राखेनं घासली. आतून, बाहेरून, तोंडाच्या कडेनं.

खालून बाईंचा आवाज आला, "काय घासून राहिला गा एवढ्या वेळचा?"

"काही नाही बाई. बाटली."

"कायची?"

मी ती उजेडात धरली. काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"रिकामी आहे," मी म्हणालो, आणि उपडी घालून ठेवली.